मुळांचा रंग

ऑर्किड माझ्याकडे आलं ते फुलांनी लगडलेलं. दोन दांड्यांवर मिळून सतरा फुलं, पांढरीशुभ्र, आणि प्रत्येकाच्या मध्ये पिवळसर ओठ. एका मैत्रिणीने दिलं होतं. देताना म्हणाली, "फार काही करावं लागत नाही गं याला." पहिले अडीच महिने तिचं म्हणणं अगदी खरं ठरलं. एकही फूल कोमेजलं नाही. सकाळी उठलं की आधी त्याच्याकडे बघायचं, अशी मला सवयच लागली.

मग फुलं एकेक करून गळाली. आधी पाकळीवर शिरांचं जाळं उठून दिसायचं, मग ती कागदासारखी पातळ व्हायची आणि एखाद्या सकाळी फूल खाली पडलेलं असायचं. दांडे वाळले. पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत पाच जाड, चामड्यासारखी पानं तेवढी उरली. फॅलेनॉप्सिस नावाचं हे ऑर्किड सांभाळायचं म्हणजे काय, ते मला त्यानंतर शिकावं लागलं. फुलांसकट घरी आलेलं झाड आधी ज्याने वाढवलं त्याच्या मेहनतीवर उभं असतं. पुढचं सगळं आपल्या हातचं.

माझ्या हातून पुढे झालं ते असं. एका पानावर सुरकुत्या दिसल्या. बोट लावलं तर पान लुळं. आई म्हणाली, "तहानलंय ते, पाणी वाढव." मलाही तेच वाटलं. आम्ही दोघींनी आयुष्यभर मातीतली झाडं वाढवली. पान मलूल दिसलं की पाणी घालायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यावर विचार करावा लागत नाही. आठवड्यातून दोनदाचं पाणी मी एक दिवसाआड केलं. सुरकुत्या वाढल्या. मग रोज थोडं थोडं घालायला लागले. तळाचं पान पिवळं पडून गळलं, पंधरा दिवसांनी त्याच्या वरचंही गेलं. तेव्हा मैत्रिणीने तिच्या मावशींशी बोलायला सांगितलं. त्या वीस वर्षं ऑर्किड वाढवताहेत. मी फोनवर पानांचं साग्रसंगीत वर्णन केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानांचं राहू दे गं. कुंडीतून बाहेर काढ आणि मुळं कशी आहेत ते सांग."

सिरॅमिकच्या कुंडीच्या आत आणखी एक प्लॅस्टिकची कुंडी आहे, हे मला तेव्हा कळलं. बाहेरच्या कुंडीला भोक नव्हतं आणि तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं. झाड बाहेर काढताच डबक्यात कुजलेल्या पाल्यासारखा वास आला. मुळांभोवती भरलेल्या शेवाळाचा गच्च गोळा होता, मुठीत दाबला तर पाणी निथळलं. मुळं तपकिरी पडलेली. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं, तर वरचं आवरण सापाच्या कातीसारखं सरकून हातात आलं आणि आत तारेसारखा बारीक धागा तेवढा राहिला. दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही. मी चौदा मुळं मोजली. त्यातली तीन टणक होती.

पानं तहानलेली होती ही आईची पारख बरोबरच होती. पण पाणी वर पोचवणारी मुळंच मेली होती, आणि ती मेली होती पाण्यात गुदमरून. जितकं पाणी मी वाढवत गेले तितकी ती तहान वाढत गेली. कुजलेल्या मुळांच्या झाडाचं पान आणि पाणी न मिळालेल्या झाडाचं पान अगदी सारखं दिसतं. म्हणून मावशींनी पानांचं वर्णन बाजूला ठेवायला लावलं.

या मुळांना मातीची ओळखच नसते. फॅलेनॉप्सिस मूळचं आशियातल्या उष्ण, दमट जंगलांतलं, झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढणारं. लोक अशा झाडाला सर्रास बांडगूळ म्हणतात, आणि मला ते फार लागतं. बांडगूळ यजमान झाडात मूळ खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड फांदीला नुसतं धरून बसतं, तिच्याकडून आधाराखेरीज काहीही घेत नाही. पाऊस पडला की सालीवरून ओघळणारं पाणी आणि त्यातून आलेलं थोडंबहुत अन्न टिपून घ्यायचं, आणि पाऊस थांबला की वाऱ्यावर वाळायचं, असा या मुळांचा दिनक्रम. त्यांच्या अंगावर व्हेलामेन नावाचं आवरण असतं. मृत पेशींचं, स्पंजासारखं. कोरडं असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी लागलं की हवेची जागा पाणी घेतं, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हो, मुळं आतून हिरवी असतात, आणि उजेड मिळाला तर पानांसारखी अन्नही तयार करतात.

हे सगळं मावशींनी सांगितलं होतं, पण ते माझ्या मनात पक्कं बसलं ते पुढे एका सकाळी, जेव्हा एका चंदेरी मुळावर मी चमच्याने पाण्याचे चार थेंब सोडले. थेंब पडला तिथे एक गडद ठिपका उठला, आणि बघता बघता तो हिरवा होत दोन्ही बाजूंना सरकत गेला. मध्ये मध्ये पांढरे ठिपके तसेच राहिले, जणू कुणी हिरव्या शाईत सुई बुचकळून नक्षी काढली आहे. दहा-पंधरा सेकंदांत सगळं मूळ हिरवं झालं. मी त्या दिवशी सगळ्या मुळांवर तेच करून पाहिलं.

त्याआधी मात्र शुश्रूषा करायची होती. कात्रीची पाती प्रत्येक कापणीआधी ज्योतीवर धरायची, असं मावशींनी दोनदा बजावलं, कारण ऑर्किडांचे विषाणू अवजारावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यावर औषध नाही. अकरा मुळं कापली. शेवाळाचा गोळा काडीने उकलत गेले, तर अगदी आत, खोडाला चिकटून, आणखी एक लहान घट्ट गोळी निघाली. झाड अगदी रोपटं असताना त्याला गुंडाळलेली. बाहेरचा भाग वाळला तरी ती ओलीच राहायची.

त्या गोळीमागेही गोष्ट आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. निसर्गात एका विशिष्ट बुरशीने त्याला अन्न पुरवलं तरच ते रुजतं. ही बुरशीची गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखली. मग १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, बुरशीशिवायही बी रुजवता येतं. आज घराघरांत दिसणारी बहुतेक फॅलेनॉप्सिसची झाडंही अशीच, साखर घातलेल्या थरावर वाढवलेली असतात. काचेच्या बाटलीत जन्मलेलं रोप बाहेरच्या हवेत आणताना त्याला ओल धरून ठेवणाऱ्या गोळीत बसवतात. बाळपणी ती गोळी जीव वाचवते. मोठेपणी, खिडकीतल्या कुंडीत, तीच गळ्याशी येते. नवीन फॅलेनॉप्सिस घरी आलं की मी आता फुलं संपताच आत बोट घालून ती गोळी शोधते.

तीन मुळांचं झाड मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या, भरपूर भोकांच्या छोट्या कुंडीत बसवलं. झाड मोठं म्हणून कुंडी मोठी, हा हिशेब इथे चालत नाही. मुळं मावतील एवढीच कुंडी हवी, जास्तीची जागा फक्त ओल धरून ठेवते. भरायला पाइनच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, थोडा लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे काही तुकडे. वरून भोकं पाडलेली पातळ पिशवी सैल घातली, म्हणजे पानांतून पाणी कमी उडेल. कडक उजेड नाही, खत नाही. मुळं नसलेल्या झाडाला खत घालणं म्हणजे आजाऱ्यापुढे पंचपक्वान्नांचं ताट ठेवणं, असं मावशी म्हणाल्या, आणि मी तो मोह टाळला.

सहा आठवडे काहीही झालं नाही. पानं होती तशीच लुळी. आई रोज बघून जायची, पण बोलायची नाही. सातव्या आठवड्यात पिशवी काढून तळाचं पान जरा उचललं, तर खोडावर एक हिरवा ठिपका दिसला, मुगाच्या दाण्याच्या निम्मा. मला वाटलं पानाचाच डाग आहे. चार दिवसांनी तो ठिपका चकचकीत, गोल टोकाचं मूळ झालं होतं. मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "जगलं गं."

तिथून पाण्याची रीत बदलली. वार ठरवून पाणी घालणं मी सोडून दिलं. कुंडी पारदर्शक असण्याचा खरा उपयोग इथे कळतो. आतली मुळं हिरवी असतील तर हात लावायचा नाही. ती सगळी चंदेरी झाली, कुंडीच्या आतल्या बाजूचे बाष्पाचे थेंब गेले आणि कुंडी उचलली तर हलकी लागली, की मगच पाणी. तेही चमच्याचमच्याने नाही. कुंडी पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची. कधी हे सहा दिवसांनी येतं, कधी बारा. पावसाळी हवेत एकदा सोळा दिवसांनी आलं.

पाणी सकाळीच घालायचं, याचा धडा मला दुसऱ्या एका रोपाने दिला. त्याला मी रात्री झोपताना वरून पाणी घातलं. पोंग्यात, म्हणजे वरच्या दोन पानांच्या मधल्या खळग्यात, पाणी रात्रभर राहिलं. असं तीन-चार वेळा झालं असेल. एके दिवशी सर्वांत कोवळं पान धरलं तर ते बुडापासून अलगद हातात आलं, बुंधा काळा आणि ओला. फॅलेनॉप्सिसला एकच शेंडा असतो, नवी पानं तिथूनच निघतात. बाकी बऱ्याच ऑर्किडांसारखा पाणी साठवणारा कंदही याला नसतो. पोंगा कुजला की बहुधा वाढच थांबते. ते रोप काही महिने होत्या पानांवर तगलं आणि गेलं. आता पोंग्यात थेंब दिसला तरी मी कागदाच्या सुरळीने टिपून घेते.

वर्षभरात मुळं नऊ झाली, दोन नवी पानं आली. फुलांचा मात्र पत्ता नव्हता. पानं छान गर्द हिरवी, लांबलचक, आणि मला त्या गर्दपणाचा अभिमान वाटत होता. मावशी घरी आल्या तेव्हा पहिलंच वाक्य, "अगं, हे उपाशी आहे. उजेड कुठे आहे याला?" फॅलेनॉप्सिसचं पान पोपटीकडे झुकणारं, गवती हिरवं असावं. गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी पडतोय, कडांना लालसर झाक म्हणजे उजेड पुरेपूर मिळतोय, आणि हाताला पान गरम लागलं तर ते भाजायच्या बेतात आहे. मी झाड सकाळचं ऊन येणाऱ्या खिडकीत, विरळ पडद्याआड हलवलं. एका दुपारी पडदा सरकलेला राहिला तर दोन तासांत एका पानावर रुपयाएवढा पांढरट डाग पडला. तो पुढे वाळून तपकिरी झाला आणि आजही तिथेच आहे. भाजलेलं पान भरून येत नाही, पण त्याचा हिरवा भाग काम करत राहतो, म्हणून ते कापायचं नाही.

खताचं थोडक्यात सांगते. पाण्यात विरघळणारं खत, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव हिश्शाने, नव्या वाढीच्या दिवसांत आठवड्या-दोन आठवड्यांनी, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन काढायचं. सालीवर पांढरी पापडी दिसली तर क्षार साचलेत असं समजायचं. पिठ्या ढेकूण एकदा झाला होता. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपला, दर आठवड्याला, दीड महिना. मधली एक फेरी चुकवली तर ते पुन्हा दिसले, म्हणून सातत्य ठेवावं लागतं.

फुलांची किल्ली मात्र थंडाव्यात आहे. सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनॉप्सिस पानं काढत बसतं. काही आठवडे तापमान २५-२६ अंशांच्या खाली राहिलं आणि रात्री आणखी उतरलं की ते दांडा काढायच्या मागे लागतं. मी तोवर दर रात्री त्याला मायेने खिडकीपासून आत, उबेत आणून ठेवत होते. रात्री थंड व्हायला लागल्या तेव्हा पहिल्यांदाच त्याला खिडकीशी राहू दिलं. काच बंद, झोत नाही, फक्त गारवा. रात्र या झाडाला फार महत्त्वाची असते. पानांवरची रंध्रं ते रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं, आणि दिवसा रंध्रं मिटून त्या साठ्यावर अन्न बनवतं. फांदीवर, मातीविना, भर उन्हात पाणी गमावणं परवडत नाही म्हणून ही तजवीज. हे वाचल्यापासून रात्री त्याच्यासमोरून जाताना मला वाटतं, हे आत्ता जागं आहे.

पाचव्या आठवड्यात एका पानाच्या बगलेतून काहीतरी डोकावलं. मूळ की दांडा? मी आठवडाभर रोज भिंगातून पाहत होते. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. याचं टोक जरा चपटं होतं, एका बाजूला बारीक खाच, लहान मुलाच्या हातमोज्याच्या अंगठ्यासारखी. आठव्या दिवशी ते वरच्या दिशेला वळलं. दांडा!

दांडा उजेडाकडे झुकत वाढतो, म्हणून एकदा कळ्या धरल्या की कुंडी फिरवायची नाही, नाहीतर फुलं एक इकडे एक तिकडे तोंड करून उमलतात. मी कुंडीवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर खडूने एकेक रेघ मारली, म्हणजे पाणी देऊन परत ठेवताना दोन्ही रेघा जुळवता येतील. आधाराला काडी, सैल चिमटा. नऊ कळ्या धरल्या. त्यातल्या दोन, वाटाण्याएवढ्या झाल्यावर, पिवळ्या पडून गळाल्या. जवळच्याच टेबलावर पिकलेल्या केळ्यांची टोपली होती. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो सोसत नाही. टोपली दुसऱ्या खोलीत गेली. उरलेल्या सात टिकल्या.

दांडा डोकावल्यापासून पहिली कळी फुटेपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले. कळी अचानक उमलत नाही. आधी तिची मान हळूहळू वळते, म्हणजे फूल उघडताना ओठ खालच्या बाजूला येईल. मग एका बाजूला फट पडते, आणि आतला पांढरा रंग हिरवट कळीतून दिसायला लागतो. संध्याकाळी फट होती, सकाळी तीन पाकळ्या सुटलेल्या, आणि त्याच्या पुढच्या सकाळी फूल सपाट, ताठ, पूर्ण उघडलेलं. दोन रुंद पाकळ्या पतंगाच्या पंखांसारख्या पसरतात. म्हणूनच कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये या वंशाला पतंगासारखं दिसणारं अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. मधल्या लहानशा खांबात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळलेले असतात. त्याच्या टोकाला टोपी, आणि टोपीखाली परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या. सगळा पराग त्या दोन गोळ्यांतच. योग्य कीटक एकदा आला की काम झालं, आणि तो कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून फूल दोन-दोन, तीन-तीन महिने वाट बघत उभं राहतं. परागीभवन झालं तर मात्र काही दिवसांतच कोमेजतं. आमच्या घरातलं फूल इतके दिवस टिकतं ते या वाट बघण्यामुळे, हे कळल्यावर मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मी मावशींना फोटो पाठवला. त्यांनी फोन केला आणि विचारलं, "नवीन मुळं किती?" मला आकडा पाठ होता. बारा.

आता सालीचे तुकडे मऊ पडून बारीक व्हायला लागलेत. दोन वर्षं होत आली, कुंडी बदलायची वेळ झाली आहे. अजून दोन फुलं दांड्यावर आहेत, ती गळेपर्यंत थांबणार. तळच्या पानाखालून निघालेलं एक मूळ कुंडीच्या काठावरून बाहेर आलंय, करंगळीएवढं जाड, चंदेरी, टोक हिरवंगार. कोरडं असताना ते काडीसारखं कडक असतं, वाकवलं तर मोडतं. म्हणून त्या दिवशी आधी अर्धा तास त्याला पाण्यात ठेवीन, हिरवं होऊ देईन. मग ते आपसूक लवचिक होतं, आणि न दुखावता नव्या कुंडीत वळवून बसवता येतं. नवी साल आईने कालच भिजत घातली आहे.